ड्रेडलॉक्स नेमके कुणाचे? केसांच्या आधी कात्रीचा इतिहास बघा

प्रश्न असा आहे की ड्रेडलॉक्स (केस गुंतून झालेले दोर, थोडक्यात लॉक्स) मुळात कुणाचे, जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या म्हणजे रास्ता लोकांचे, आफ्रिकेचे, की साधूंच्या जटाच तिकडे जाऊन ड्रेडलॉक्स झाल्या, आणि कुणी नुसती हेअरस्टाईल म्हणून ठेवले तर त्यात कुणाचा अपमान होतो का. मी सोळा वर्षं लॉक्सचंच काम करतेय, म्हणजे बनवते, सांभाळते, सोडवून देते आणि वेळ आली की कापतेही, त्यामुळे एका ओळीत उत्तर मला देता येणार नाही, जरा निवांत वाचा.

आधी केसाचंच बघू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. माणसाचे रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. विंचरलं की ते कंगव्यात येतात आणि नाही विंचरलं की तिथेच शेजारच्या केसांत अडकून बसतात, मग त्यांच्याभोवती बाकीचे केस पीळ घेतात, गुंता घट्ट होत जातो आणि वर्ष-दीड वर्षात त्याचा दोर होतो. घट्ट कुरळ्या केसांत हे पटकन आणि सुबक होतं, सरळ केसांत वेळ लागतो आणि होतं ते वेडंवाकडं, पण होतं सगळ्यांच्याच डोक्यावर. मध्यंतरी एका क्लायंटचे नऊ वर्षांचे लॉक्स कापले तेव्हा त्यातला एक टोकाशी आडवा कापून बघितला. आत राखाडी गाभा होता, उशीच्या अभ्र्याची लव, टॉवेलचे धागे, कुठल्यातरी लाल स्वेटरचा एक तंतू, आणि पहिल्या वर्षी कुणाच्यातरी सल्ल्याने चोपडलेलं मधमाशीचं मेण, ते नऊ वर्षांनी पण बोटाला चिकटत होतं (मेण लावू नका, कुणीही काहीही सांगू दे, ते धुतलं जात नाही). मूळ टाळूशी असतं आणि टोक सगळ्यात जुनं, त्यामुळे बाई किंवा बुवा कुठल्या वर्षी आजारी होता, कधी केसांवर कलर मारला, हे लॉकच्या लांबीवरून बऱ्यापैकी सांगता येतं.

आता जी गोष्ट कंगवा बाजूला ठेवला की आपोआप होते ती "पहिल्यांदा कुणी शोधली" ह्या प्रश्नाला अर्थ राहत नाही. तरी नेटवर फोटो फिरत असतातच, की हे बघा ग्रीक ड्रेडलॉक्स. सांतोरिनी बेटावर अक्रोतिरीला इ.स.पू. 1600 च्या आसपासचं भित्तिचित्र आहे, दोन पोरं बॉक्सिंग खेळतायत, डोकी निळी रंगवलीयत म्हणजे भादरलेली आहेत आणि मधूनच सापासारख्या लांब बटा सोडल्यायत. मला विचाराल तर त्या बटा वेणी असतील, पीळ असेल किंवा लॉक असेल, चित्रावरून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. दगडी पुतळ्यांचं तर त्याहून अवघड, शिल्पकाराने मणी मणी कोरले म्हणजे ते लॉक्सच असं होत नाही. मी समोर बसलेल्या माणसाच्या केसात बोट घातल्याशिवाय हे वेणीचं आहे की गुंत्याचं ते सांगत नाही, तर साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या रंगाबद्दल काय बोलणार.

लिखाणात मात्र उल्लेख पक्के मिळतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 136 वं सूक्त केशी म्हणजे लांब केसवाल्या मुनीवर आहे, पिंगट मळकी वस्त्रं घालून वाऱ्यासोबत हिंडणारा असा तो. पुढे बुद्धाच्या काळात जटिल नावाचे अग्निपूजक तपस्वी भेटतात, त्यांची ओळखच जटा. उरुवेला, नदी आणि गया अशी नावं लागलेले तीन काश्यप भाऊ, तिघांचे मिळून हजार शिष्य. पाली विनयात जो प्रसंग आहे तो मला फार आवडतो, थोरला भाऊ बुद्धाचा शिष्य होतो, त्याचे 500 लोक केस आणि जटा कापून पूजेच्या सामानासकट नदीत सोडून देतात, आणि खालच्या अंगाला राहणाऱ्या मधल्या भावाला त्या जटा पाण्यावरून वाहत येताना दिसतात, तो घाबरतो की वर दादाचं काही बरंवाईट झालं की काय. मग तो धावत वर जातो, त्याच्याही जटा पाण्यात जातात आणि त्या धाकट्याला दिसतात. म्हणजे नदीतून वाहणारे केस बघून सगळ्यांना कळलं की ह्या लोकांनी बाजू बदलली. शंकराच्या जटेत गंगा अडकते ती गोष्ट सगळ्यांना माहितीय, पण जटेचा पोकळ देखावा करणाऱ्या भोंदूंची टिंगलही तितकीच जुनी आहे, ते लोक विसरतात.

तिकडे बायबलमध्ये गणना ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नाझीर व्रत आहे, व्रत चालू असेपर्यंत डोक्याला वस्तरा लागता कामा नये. शमशोन त्याच व्रताचा, त्याच्या डोक्यावरच्या सात बटा कापल्या आणि ताकद गेली. हे व्रत लक्षात ठेवा, पुढे जमैकात हेच लागणार आहे.

तर मला जे म्हणायचंय ते इथे सांगून टाकते. ह्या केसांचा इतिहास शोधायचा असेल तर ते कुणी वाढवले ह्याच्यापेक्षा ते कुणी, कधी आणि कुणाच्या परवानगीने कापले ते बघा. वाढायला फक्त वेळ लागतो. कात्री कुणाच्या हातात आहे त्यावरून समजतं की तो समाज त्या केसांकडे काय म्हणून बघत होता.

पोलंडचं उदाहरण घ्या, तिथलं कुणी घेतच नाही. तिथे 17व्या ते 19व्या शतकात गावोगाव लोकांच्या डोक्यावर केसांचा एकच मोठा गठ्ठा असायचा, त्याला ते कोल्तून म्हणत, डॉक्टरी भाषेत प्लिका पोलोनिका. समज असा की शरीरातला आजार त्या गठ्ठ्यातून बाहेर पडतोय, कापला तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, मरेल. मग 19व्या शतकात क्राकोचा युझेफ डीटल नावाचा प्रोफेसर पेटला, त्याने कोल्तूनवाल्यांची रीतसर गणती करायला लावली, शाळा-ऑफिसात प्रवेश बंद, धर्मादाय मदत बंद, आणि दंडाची पण भाषा केली. त्यातून अफवा उठली की गठ्ठ्यावर कर बसणार आहे! कर म्हटल्यावर आजाराची भीती पण कमी पडली, लोकांनी स्वतःहून कापायला सुरुवात केली. दीड मीटर लांबीचा एक कोल्तून क्राकोच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात अजून जपून ठेवलाय. महाराष्ट्र-कर्नाटकात यल्लम्माच्या नावाने बाईच्या डोक्यावर राखली जाणारी जट ही तशीच, तिच्याबरोबर मान दुखणं, उवा आणि कधीकधी देवाला सोडलं जाणं हे सगळं यायचं. ती जट आणि सलोनमध्ये पार्टिंग पाडून बनवलेले लॉक्स, केस म्हणून सारखेच, पण एकीत त्या बाईला कुणी विचारलेलंच नसतं. जट कापणाऱ्या कार्यकर्त्यांना "हे पण कल्चरच की" म्हणून शिकवायला जाणाऱ्यांचा मला राग येतो.

आफ्रिका म्हटलं की लोक एकच गोष्ट समजतात, तसं नाहीये, प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा. नायजेरियात योरुबा लोकांत एखादं मूल जन्मतःच गुंतणाऱ्या केसांचं असलं तर त्याला दादा म्हणतात, ते देवाघरून खास आलंय असं धरतात आणि विधी केल्याशिवाय त्याच्या डोक्याला कात्री लावत नाहीत. घानात अकान लोकांचे पुजारी असे केस ठेवतात. सेनेगलमध्ये बाय फाल म्हणून मुरीद सूफी पंथातली शाखा आहे, शेख इब्रा फालचे अनुयायी, ठिगळांचे रंगीत कपडे आणि लांब लॉक्स, म्हणजे मुसलमान फकीर पण ह्यात आले. केनिया-टांझानियातले मासाई मोरान, म्हणजे तरुण योद्धे, लांब बारीक बटा करून त्यात गेरू आणि चरबी भरतात, आणि योद्धेपण संपवणारा युनोतो नावाचा सोहळा होतो तेव्हा ते केस आई भादरते. आई! एवढा धिप्पाड गडी मुकाट बसतो आणि काहीजण रडतात पण. पोलंडमध्ये सरकारच्या भीतीने, इथे आईच्या हाताने.

आता जमैका, कारण ड्रेडलॉक्स हा शब्द आणि आज जगभर आपण जी स्टाईल ओळखतो ती तिथूनच आली. 2 नोव्हेंबर 1930 ला इथिओपियात रास तफारी माकोनेनचा हेले सेलासी म्हणून राज्याभिषेक झाला. गुलामगिरीतून सुटलेल्यांची नातवंडं-पतवंडं जमैकात इंग्रजांच्या राज्यात गरिबीत दिवस काढत होती, काळ्या लोकांचा नेता मार्कस गार्वीच्या भाषणांनी आधीच पेटलेली, त्यांच्यातल्या काहींनी ह्या काळ्या सम्राटात देव बघितला, आणि रास तफारीवरून त्यांना रास्ता नाव पडलं. लिओनार्ड हॉवेल हा त्यांचा पहिला मोठा प्रचारक, 1934 मध्ये त्याला राजद्रोहाखाली दोन वर्षं आत टाकलं, बाहेर आल्यावर 1940 मध्ये त्याने पिनॅकल नावाची डोंगरावरची वस्ती बसवली आणि 1954 मध्ये पोलिसांनी मोठी धाड घालून ती मोडली. गंमत म्हणजे हॉवेल स्वतः लॉक्स ठेवत नव्हता.

मग आले कुठून? इथे तीन कहाण्या आहेत आणि तिन्हींचे वकील आहेत. एक, हिंदुस्थानातून. 10 मे 1845 ला पहिले गिरमिटिया म्हणजे कराराने नेलेले मजूर जमैकात उतरले आणि 1917 पर्यंत 36 हजारांच्या वर गेले, गांजा आणि चिलीम त्यांच्यासोबत गेली, रास्ता आजही गांजाच म्हणतात, आणि हॉवेलने तर गंगुनगुरू मराघ असं टोपणनाव घेऊन लिहिलं. त्यामुळे जटा पण तिथूनच, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. दोन, केनियातून, इंग्रजांविरुद्ध उठलेले माऊ माऊ बंडखोर जंगलात लपून राहिले, केस वाढून गुंतले, त्यांचे फोटो पेपरात छापून आले आणि जमैकातल्या पोरांनी ते उचलले. तीन, घरातलंच. बॅरी शेवान्स ह्या समाजशास्त्रज्ञाने जुन्या रास्ता लोकांशी बोलून मांडलं की 1949 मध्ये किंग्स्टनमध्ये यूथ ब्लॅक फेथ नावाचा तरुण जहाल गट सुरू झाला आणि त्यांनी मुद्दाम विंचरणं सोडलं. तेव्हा जमैकात न विंचरलेला माणूस म्हणजे वेडा किंवा समाजाने टाकलेला. ह्यांनी म्हटलं, आम्ही तसेही टाकलेलेच आहोत, मग दिसू पण तसेच. ह्यावरून रास्तांतच फूट पडली, विंचरणारे एका बाजूला आणि ड्रेडलॉक्सवाले दुसऱ्या बाजूला, अगदी दोन घराणी, हाऊस ऑफ कोम्बसम्स आणि हाऊस ऑफ ड्रेडलॉक्स.

मला तिसरी जास्त पटते. गांजाचा धागा हिंदुस्थानपर्यंत जातो ह्यात वाद नाही, पण केसांचा धागा तेवढा घट्ट नाही, ऊस तोडायला गेलेल्यांत जटाधारी साधू असे कितीसे असणार. आणि माऊ माऊचं सन जुळवून बघा, तिथे आणीबाणी लागली 1952 मध्ये, म्हणजे ते फोटो येईपर्यंत किंग्स्टनच्या पोरांचा गट सुरू होऊन तीनेक वर्षं झाली होती, फोटोंनी आगीत तेल पडलं असेल पण काडी घरातलीच. बायबलमधलं नाझीर व्रत तर हातात होतंच, त्याचा आधार रास्ता आजही देतात. "ड्रेड" म्हणजे देवाचा धाक, आणि समोरच्याला वाटणारी भीती पण. गुलामांच्या जहाजावरच्या गोऱ्यांनी त्या केसांना भयानक म्हटलं म्हणून ड्रेड, ही कहाणी मला सलोनमध्ये महिन्यातून एकदा तरी कुणीतरी ऐकवतं, मला ती पटलेली नाही, शब्द रास्तांच्या तोंडून मिरवत आलेला दिसतो. पण त्या कहाणीमुळे बरेच लोक ड्रेड गाळून नुसतं लॉक्स म्हणतात, त्यांच्या डोक्यावरचे केस त्यांचे, नाव पण त्यांनीच ठरवावं, मी त्यांना लॉक्सच म्हणते.

कात्री इथे लगेच आलीच. एप्रिल 1963, जमैकाला स्वातंत्र्य मिळून वर्ष पण झालं नव्हतं. माँटेगो बेजवळ कोरल गार्डन्सला जमिनीच्या भांडणातून हिंसाचार झाला, पोलिसांसकट आठ माणसं गेली, तो गुड फ्रायडेच्या आदला दिवस होता. त्यानंतर सरकारने जे धरपकडीचं सत्र चालवलं त्यात ज्यांचा काही संबंध नव्हता असे शेकडो रास्ता उचलले, मारले, आणि त्यांचे लॉक्स जबरदस्तीने कापले. रास्ता त्याला बॅड फ्रायडे म्हणतात. सरकारने माफी मागितली 2017 मध्ये, 54 वर्षांनी. म्हणजे स्वतंत्र देशाच्या, काळ्या लोकांच्या सरकारने काळ्या लोकांचे केस कापले, "गोरे विरुद्ध काळे" असा सरळ हिशोब लावणाऱ्यांनी हे पण मोजावं. कॅरिबियनमधल्याच डॉमिनिका बेटावर तर 1974 मध्ये ड्रेड अॅक्ट नावाने ओळखला जाणारा कायदाच केला. आणि मधल्या काळात, 21 एप्रिल 1966 ला, खुद्द हेले सेलासी किंग्स्टनला उतरला, विमानतळावर लॉक्सवाल्यांचा समुद्र उसळलेला, आणि देव मात्र आखूड केसांचा, नीट विंचरलेला. त्याने कुणाचंच काही बिघडलं नाही.

त्यानंतरचं सगळ्यांना माहितीय, बॉब मार्ले आला आणि 70 च्या दशकात जे केस किंग्स्टनमध्ये लपवायचे ते पोस्टरवर गेले. 1983 ला टेनिसपटू यानिक नोआ फ्रेंच ओपन जिंकला, 1987 ला मिलानच्या रूड गुलिटला फुटबॉलचा बॅलन डी'ओर पुरस्कार मिळाला आणि त्याने तो तुरुंगातल्या मंडेलांना अर्पण केला, दोघांच्या डोक्यावर लॉक्स. मिलानचे फॅन्स लॉक्सचे विग घालून स्टेडियमला यायचे. इथून फॅशनचा भाग सुरू होतो आणि खरं सांगायचं तर इतिहास म्हणून तो मला जरा बोअर वाटतो. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन वीकमध्ये डिझायनर मार्क जेकब्सने मॉडेल्सना, त्यात बहुतेक गोऱ्या, रंगीत लोकरीचे लॉक्स लावून चालवलं आणि आरडाओरडा झाला. का झाला ते समजायला त्याच वर्षीचा तिथल्या कोर्टाचा एक निकाल बघा. अलाबामात एका काळ्या बाईला कॉल सेंटरसारखी नोकरी मिळाली होती, लॉक्स काप म्हटले, ती नाही म्हणाली, नोकरी गेली. अपील कोर्टाने 2016 मध्ये सांगितलं की हेअरस्टाईल बदलता येते, त्यामुळे हा वंशभेद नाही. म्हणजे एकाच देशात एकाच वर्षी तेच केस रॅम्पवर टाळ्या घेतात आणि ऑफिसच्या दारात नोकरी घालवतात. पुढे 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने क्राऊन अॅक्ट करून हे बंद केलं आणि मग बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले. दक्षिण आफ्रिकेत तुरुंगाच्या पाच पुरुष गार्ड्सना लॉक्ससाठी काढलं होतं, तिथल्या कोर्टाने 2013 मध्ये ते बेकायदा ठरवलं, बायका गार्ड्सना चालतं मग पुरुषांना का नाही हा साधा मुद्दा पण त्यात होता.

कायदा असून काय होतं ते पण सांगते. 2020 मध्ये लुईझियानाच्या तुरुंगात एक रास्ता कैदी होता, सुटायला तीन आठवडे राहिलेले, जवळपास वीस वर्षं वाढवलेले लॉक्स गुडघ्यापर्यंत. त्याला माहीत होतं की तुरुंगात असे केस ठेवू द्यावेत असा निकाल लागलाय, म्हणून तो त्या निकालाची प्रत सोबत घेऊन फिरत होता. त्याने ती गार्डला दिली. गार्डने ती कचऱ्यात टाकली, मग त्याला खुर्चीला बेड्या घालून दोघांनी धरलं आणि डोकं सफाचट केलं. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मी हे वाचलं तेव्हा खुर्ची डोळ्यासमोर आली, माझ्याकडे पण खुर्चीच आहे.

आणि ह्याच्या अगदी उलट केनियातल्या मुथोनी वा किरीमा. माऊ माऊमध्ये फील्ड मार्शल हुद्द्याला पोचलेली बाई, 50 च्या दशकात जंगलात केस वाढवले आणि देश खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला असं वाटेपर्यंत कापणार नाही म्हणून तसेच ठेवले. सत्तरएक वर्षं. त्यांचा कमांडर देदान किमाथी 1956 ला पकडला गेला, स्ट्रेचरवर पडलेला, हातात बेड्या, डोक्यावर लॉक्स, तो फोटो इंग्रजांनी विजयाची खूण म्हणून वाटला आणि नंतर पोरांनी तोच टी-शर्टवर छापला. मुथोनीबाईंनी 2022 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, ते केस कापून घेतले, आणि कापले कुणी तर पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मामा न्गिना केन्याटांनी. काहीजण भडकले, की ज्या घराण्याने माऊ माऊला जमिनी दिल्या नाहीत त्यांच्या हातात कात्री का. दुसऱ्याच वर्षी बाई वारल्या. पण त्यांनी वेळ ठरवली, माणूस ठरवलं आणि मग मान खाली केली, एवढं तरी कबूल करावं लागेल.

तर मूळ प्रश्न, ठेवावेत का. ठेवा की. केस सगळ्यांचे गुंततात, आणि जटाधारी, दादा, कोल्तून, बाय फाल ह्यांच्यात कुणी कुणाची कॉपी केलेली नाही. फक्त रास्तांचा लाल-सोनेरी-हिरवा रंग आणि जमैकन ढंगाचं "या मॉन" वगैरे नक्कल सोबत घेऊ नका, ते केस ठेवल्याबद्दल माणसं तुरुंगात गेलीयत, तो पार्टीचा ड्रेस नाही. आणि "ह्या लोकांचे केस घाण असतात" हे बोलणं बंद करा. लॉक्स धुवायचे असतात, आठवड्याला धुवायचे, आणि पूर्ण वाळवायचे, ओले बांधून ठेवले तर आत बुरशी धरते आणि तो वास मग कशानेच जात नाही. नव्या माणसाला मी मुळाशी ओढून घट्ट रिट्विस्ट करत नाही, म्हणजे पुन्हा पीळ देत नाही, कपाळाच्या कडेचे केस कायमचे जातात त्याने, मग तो म्हणतो तुझ्याकडचे आठवड्यात फुगतात. फुगू देत.

ते नऊ वर्षंवाले क्लायंट, त्यांचं राहिलं. पहिला लॉक मी कधीच कापत नाही, कुणाचाच, कात्री त्यांच्या हातात देते. हे मी कुठे शिकले नाही, काम करता करता झालं. ते आरशासमोर कात्री धरून चाळीस मिनिटं बसले, मधे एकदा फोन बघितला, एकदा उठून पाणी पिऊन आले, माझी पुढची अपॉइंटमेंट बाहेर येऊन बसली होती. मग कानामागचा एक बारीक लॉक धरून कापला आणि टॉवेलवर ठेवला, म्हणाले, हलका आहे की हा. मी म्हटलं, कोरडा आहे म्हणून, आता बाकीचे मी घेऊ का?